चार नंबरचं पाकीट

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या बाई, त्यांचे यजमान, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही भिंतीला टेकलेले माझे शेतावरचे सोबती,

बाईंबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलंय. आयोजक भोळे आहेत. अठरा वर्षं मी या बाईंवर जळतोय.

मी या गहू संशोधन केंद्रात वाफ्यांना पाणी धरायला लागलो आणि डोळ्यांच्या जोरावर शेतप्रमुख झालो. ओंबी बघून वाण सांगायचो. मग बाई आल्या. म्हणाल्या, गव्हाच्या जनुकांत काही तुकडे उड्या मारून जागा बदलतात. कुठल्या वाणात ते कुठे बसलेत हे पाहिलं, की सख्खं कोण, चुलत कोण, सगळं कळतं. मी हसलो. पण साहेबांची पावलं माझ्या बांधावरून बाईंच्या दाराकडे वळली. हसू कुठलं टिकतंय?

म्हणून खोडी काढली. दहा पाकिटं तपासायला पाठवली. त्यातली दोन एकाच वाफ्यातली, नंबर तेवढे वेगळे. चौथं माझ्या स्वतःच्या वाणाचं, अकरा वर्षांच्या निवडीचं. महिन्याभरात तो वाण मंजुरीला जाणार होता.

बाई स्वतः बांधावर आल्या. "दोन आणि नऊ एकच आहेत, दादा. परीक्षा घेताय का माझी?"

"छे हो, नजरचूक!"

"असेल. पण चार नंबरात दोन गहू मिसळलेत."

"माझ्या वाणात? माझे डोळे काय फुटलेत?"

"डोळ्यांना दिसणारं नाही ते. एकेक ओंबी वेगळ्या ओळीत पेरा. मी कुणाला बोलले नाही."

मंजुरीचा अर्ज थांबवला. 'बी कमी पडलं' अशी थाप मारली. साठ ओळी पेरल्या. बाईंनी ओळ न् ओळ तपासून एकोणीस बाद केल्या. मला बाद आणि पास ओळींत काडीचा फरक दिसेना! बाद ओळींचं बी हट्टाने वेगळ्या वाफ्यात पेरत राहिलो. तिसऱ्या वर्षी गव्हावर तांबेरा रोग आला आणि तेवढाच वाफा करपला. माझा वाण उभा राहिला. सत्कार माझा झाला. बाई तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या.

त्यांच्या कामात अशी खोट मला सापडली असती, तर दुसऱ्या दिवशी चहाबरोबर साऱ्या ऑफिसला वाढली असती. त्या अठरा वर्षं गप्प बसल्या. मी जळतो ते यावर.

सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. मानपानात कुणी राहिलं असेल, तर शेतावरचा माणूस म्हणून पोटात घाला. आणि अध्यक्षसाहेब, त्या वाणाच्या कागदावर माझ्याआधी बाईंचं नाव घालायचा हा अर्ज. सही आत्ताच करा. उद्यापर्यंत माझं मन फिरेल.