आईचा फोटो आनि चहाचं पानी

माझं माहेर मिठागरावरचं. बापूस मिठागरावर, आई मिठागरावर, आनि आमी पोरं पन तिथंच, मीठ ओढून पायाला चिरा पडल्या त्या अजून हायत, दाखवू का, नको, राहूद्या, तुमी चहा घेताय. ते मिठागर आता नाय. येताना पायलंच असंल तुमी, भराव घालून तिथं बिल्डिंगी झाल्यात. मी कुंदा, मना गव्हाण गावात दिली, नवऱ्याची जमीन होती ती पन सरकारनं घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटावर बिल्डिंग झाली, भावकीतले सगळे शेठ झाले, गळ्यात ही जाड चेन, आनि शेठांची वहिनी शेजारच्या उलव्यात लोकांच्या पोळ्या लाटते. नवरा आमचा साधा, जिथं सही कर बोलले तिथं केली. जाऊद्या, ते सांगायला बसली तर तुमची वही भरंल.

तर आई. काय सांगू तुमाला, माझ्या आईच्या हातात कला होती, पन तिला कोनी कला बोललं नाय कधी. लग्नसराई आली की गावात मांडव पडायचे आनि मांडव नटवायचं काम आईकडं, मोबदला काय तर नारळ आनि खन. सामान म्हनाल तर घरात जे पडलंय ते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, रिकाम्या काड्यापेट्या, फुटक्या बांगड्या, अंड्याची टरफलं. अंड्याला भोक पाडून आतलं काढून घ्यायचं, त्याचं कालवन व्हायचं, आनि टरफल रंगवून मांडवाला टांगायचं. पेपराची झुरमुळं कातरायची, तर मांडवात शिरनारा मानूस पैलं वर बगायचा, मग नवरीकडं. पुढं रेडीमेड प्लास्टिकची फुलं आली, मग आईला कोनी बोलवलं नाय. ती गेली तेव्हा बापूस जिता होता. म्हंजे सवाष्ण गेली. मळवट भरला, हिरवा चुडा घातला, आख्खा गाव बोलला भाग्याची बाई. तेवढंच भाग्य तिचं, दुसरं काय पायलं तिनं.

तिचा एकच फोटो माझ्याकडं. पनवेलला स्टुडिओत काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट, आनि स्टुडिओवाल्यानं बारीक ब्रशनं कपाळावर कुंकू तेवढं लाल रंगवून दिलेलं. तेव्हा तशीच रीत होती, सवाष्णीच्या कुंकवाला रंग पायजेच.

आता मॅडमचं सांगते. मी पोळ्या करायला जायची ती मॅडम, पार वरच्या मजल्यावर. ती क्रिसमसला टांगायचं शोभेचं सामान करते आनि शनिवारी बायकांना शिकवते. विंटेज बोलतात त्याला. मी विचारलं विंटेज म्हंजे काय, तर बोलली जुन्या काळातलं. मग बगते तर काय, नवा कागद घ्यायचा, चहाच्या पान्यात बुडवायचा, सुकवायचा, कडा अगरबत्तीनं जाळायच्या, झाला जुना. नवी लेस घ्यायची, ती पन चहात. आवो, आमच्या घरात सगळंच विंटेज हाय, पंखा, पातेली, नवरा, कोनी शिकायला येत नाय ते. आनि त्या शिकायला येनाऱ्या बाया! घरी कामवाली, सैपाकवाली, आनि इथं येऊन काड्यापेटीला साडीचा काठ चिकटवला की टाळ्या. गेलेल्या बल्बाला रंग फासून सांताक्लॉज केला की फोटो. माझ्या आईनं शंभर मांडव सजवले, तिचा हात कोनी एकदा हातात घेऊन बगितला नाय.

एक दिवस मॅडम अंड्याला सुरीनं भोक पाडत होती. सहा अंडी फोडली. मना बगवेना. मी पिठाचे हात पुसले, दाभन घेतलं, दोन टोकांना दोन भोकं, एका बाजूनं फुंकलं, आतलं सगळं वाटीत. बाया बोलल्या वॉव. त्या दिवसापासून माझी पोळी सुटली आनि मी मॅडमची असिस्टंट झाली. पुढं मॅडमनं बर्फ करायचा काढला, बल्बाला गोंद लावून त्यावर जाडं मीठ. मी बोलली, मॅडम, मी मिठागरावरची हाय, ह्या हवेत मिठाला पानी सुटनार. ती बोलली, अगं मी व्हिडिओ पाहिलाय. बरं बाई, तू व्हिडिओ पायलास, मी तर नुसता जन्म काढला मिठात. संध्याकाळपर्यंत सगळे सांताक्लॉज घामाघूम. टपटप गळत होते. मी फडकं घेऊन फरशी पुसली आनि पोटातनं हसली.

डिसेंबरात त्यांच्या क्लबहाऊसमध्ये विक्री होती. मॅडम बोलली, कुंदा, तुझी आई हे सगळं करायची ना, तिचा फोटो आण, आपण टेबलावर ठेवू, लोकांना कळू दे ही कला कुणाची आहे. आता बगा, मी सगळ्या जगाला अक्कल शिकवनारी, पन त्या एका वाक्याला फसली. माझी आई कधी क्लबहाऊसला गेली असती? निदान टेबलावर तरी बसंल, कोनी तरी बोलंल ही कोन बाई. पदरात गुंडाळून नेला फोटो आनि माझ्या हातानं दिला.

विक्रीच्या दिवशी मी टरफलांची टोपली घेऊन गेली. टेबलाच्या मधोमध, लेस लावलेल्या फ्रेममध्ये आई. कडा जळलेल्या. फोटो पिवळा तपकिरी, चहात बुडवलेला. आनि कपाळ कोरं. मी आधी ओळखलंच नाय. मग ओळखलं आनि टोपली खाली ठेवली. खाली इंग्लिशमध्ये काय लिवलेलं, ते मी एका गिऱ्हाईक बाईला विचारलं, तर ती बोलली, ग्रँडमा रोझ, गोवा, या मॅडमच्या आजी ना, किती ग्रेसफुल. मी मॅडमकडं बगितलं. ती हळू आवाजात बोलली, अगं क्रिसमसला स्टोरी लागते, स्टोरीशिवाय कोणी काही घेत नाही, आणि गोव्याच्या आजीला कुंकू कसं चालेल, मी कापूस ओला करून अलगद पुसलं, पटकन निघालं.

पटकन निघालं, बोलली.

ताई, बापूस जिता असताना गेली ती. जे यमाला जमलं नाय ते ह्या बयेनं ओल्या कापसानं केलं, आनि मना सांगते अलगद. त्या गिऱ्हाईक बाईनं विचारलं, ही फ्रेम पण विकायची आहे का? मी बोलली, ही माझी आई हाय, गव्हाणच्या कुंदाची आई, मिठागरावर मीठ ओढायची, ही कोनाची रोझ नाय. मोठ्यानं बोलली, सगळं क्लबहाऊस वळून बगायला लागलं. टेबलावर लाल रंगाची बाटली होती. फ्रेमीतनं फोटो काढला, बोट बुडवलं आनि आईच्या कपाळाला कुंकू लावलं. आनि तुमाला खोटं वाटंल, मॅडमनं टाळ्या वाजवल्या! बोलली, लेडीज, हा लाइव्ह डेमो. मग सगळ्याच टाळ्या वाजवायला लागल्या. एक बया मोबाइल धरून विचारते, हा रेड डॉट कोणत्या रंगाने केला, प्लीज परत दाखवाल? मी रडत होती आवो, आनि ती शूटिंग करत होती. अशा लोकांना शिव्या तरी काय द्यायच्या, त्याही वाया जातात.

फोटो छातीशी धरून चालत घरी आली. त्यानंतर तिकडं गेली नाय. यंदा मॅडमचा फोन आला, कुंदा, झालं गेलं सोड, लोक ते रेड डॉटवालं मागतात, येशील का? मी बोलली, मॅडम, तुमी व्हिडिओ पाहा. आता मी गावातच दोन घरी पोळ्या करते. आनि भाचीच्या हळदीला मांडवात टरफलं टांगली, पोरींना भोक पाडायला शिकवलं.

नवरा बोलला फोटोवाल्याकडं दे, कॉम्प्युटरवर होता तसा करून देईल. मी नाय दिला. का सांगू? स्टुडिओवाल्यानं तेव्हा पावडर मारून आईला गोरीपान केलेली. मिठागरावर करपलेली बाई गोरी कुठनं असनार? चहात बुडाल्यावर तिचा रंग तिला परत मिळाला. आता भिंतीवर बगते तर ती आईच वाटते. एवढं एक काम मॅडमच्या हातून बरं झालं, तेही तिला न कळता. देव तिचं भलं करो, आनि जमलं तर थोडी अक्कल देवो. कुंकू जरा मोठं पडलंय, खाली नाकाकडं ओघळलंय. असूदे. ती मोठंच लावायची.