गोळी जेवल्यावर

नीला : काकांची बाजू नको घेऊस, ऋतिका. मी समोरच बसलेले. दिवा गावात थोरल्या जावेकडे, कमळाताईकडे, तिचं कालवण खाताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पाणी! दोन भाकऱ्या चेपल्या. आणि माझं ताट आलं की, ‘नीला, घशात अडकतं गं.’

प्रफुल्ल : अगं, रेडिएशनने लाळ आटली माझी...

नीला : दिव्याला बरी सुटली? सहा महिने मी मऊ भात कालवतेय, आणि कमळाताई मला ऐकवते, ‘भावजींना माझ्याच हातचं लागतं.’ आग झाली नुसती अंगाची!

ऋतिका : आत्या, थांब ना. लाळेची गोळी कधी देतेस?

नीला : जेवल्यावर. उपाशीपोटी कोण गोळ्या देतं? मेडिकलात कामाला ना तू?

ऋतिका : अगं, ही आधी द्यायची! ताट दिसलं की नसेतून निरोप जातो, लाळ सोडा. काकांच्या ग्रंथी भाजल्यात, त्यांना तो ऐकूच येत नाही. ही गोळी त्याच निरोपाची नक्कल करते, जोरात. पण अर्धा-पाऊण तास लागतो. तू भांडी घासतेस, तेव्हा काकांच्या तोंडाला पाणी सुटतं.

प्रफुल्ल : खरंय. टीव्ही बघताना रुमाल लागतो.

नीला : मग दिव्याला?

प्रफुल्ल : तू पोहे खायला घालून गोळी दिलेलीस. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो. पोचलो तर वहिनी ताट वाढून उभी.

नीला : आणि डोळ्यांतलं पाणी?

ऋतिका : तोच निरोप. डोळे, घाम, पोट, सगळीकडे जातो.

प्रफुल्ल : तीनदा संडासला गेलेलो, ते नाही दिसलं तुला.

नीला : म्हणजे कालवण तिचं आणि कमाल माझ्या गोळीची! थांब, फोनच लावते तिला.

ऋतिका : लाव. पण उद्या तुझ्या ताटावर पाणी सुटलं, तर तेही गोळीचंच ना?

(नीला फोन खाली ठेवते.)

प्रफुल्ल : खरं सांगू? चव अजून आलीच नाही. तिच्याकडेही नव्हती. गिळता आलं, म्हणून खात सुटलो.

नीला : मला सांगायचं नाही का?

प्रफुल्ल : तू रोज एवढं रांधतेस. कसं सांगू?

नीला : ...किती वाजले गं?

ऋतिका : सात.

नीला : घ्या गोळी. मी भाकऱ्या थापते. रविवारी दिव्याला जायचंय ना?

प्रफुल्ल : वहिनीने बोलावलंय खरं.

नीला : जाऊ की. गोळी माझ्या पर्समध्ये राहील. तिथे जेवल्यावर देईन.