व्याह्यांची पातळ स्टिक, माझी जाड

...आणि वर म्हणतात काय, तर "ढुंढिराजराव, हे काय फावडं आणलंत?" फावडं! अहो, माझ्या गोल्फच्या स्टिकला! तुम्हाला सांगतो, हे आमचे व्याही, आमच्या लेकीचे, अपूर्वाचे सासरे, पुण्याचे. साखरपुड्यापासून चार वर्षं ऐकतोय, प्रत्येक पंगतीत यांचं गोल्फ. मुंजीत गोल्फ, बारशाला गोल्फ... त्यांची स्टिक सुरीसारखी पातळ, "जाणकाराची" म्हणे. माझी जाडजूड, मागून पोकळ. पण तीस वर्षं इथं नाशिकला, अंबडच्या कारखान्यात साचे बनवलेत मी, वजन कुठं टाकायचं ते मला शिकवणार? त्यांच्या स्टिकचं सगळं लोखंड मधोमध. चेंडू बरोबर मधे लागला तर वा, जरा कडेला लागला की स्टिकचं डोकं फिरतं, चेंडू झुडपात. माझ्या स्टिकचं वजन कडेकडेनं पसरलेलं, डोकं फिरतच नाही. शिवाय पुढचा पत्रा पातळ, चेंडूला उसळी देतो, म्हणजे लांबही जातो. फटका चुकतो, चेंडू चुकत नाही!

परवा ते नाशिकला आले आणि लागली पैज. हरेल त्यानं पुन्हा पंगतीत गोल्फचं नाव काढायचं नाही. चार वर्षांच्या छळातून सुटका... सांगा, कोण सोडेल?

पहिल्याच फटक्याला माझा चेंडू लागला स्टिकच्या पार टोकाला. व्याही म्हणाले, "अरेरे..." कसलं अरेरे? लांब आणि सरळ! फटका चुकला, चेंडू चुकला नाही. त्यांचा गेला झुडपात. "वारा फार हो तुमच्या नाशिकला." वारा काय फक्त पुण्याच्या चेंडूला लागतो? नऊ होल संपले आणि मला चार फटके कमी लागले. जिंकलो!

घरी जेवायला बसलो. व्याह्यांच्या तोंडी गोल्फचं नावही नाही. तुम्हाला सांगतो, साध्या वरणभाताला इतकी चव असते हे मला चार वर्षांनी कळलं. मग हळूच म्हणाले, "ती स्टिक जरा बघू?" आणि माझी बायको इंदिरा, वाढता वाढता, "आवडली का? मग घेऊन जा की. अधिक महिना आहे, जावयाला वाण द्यायचंच होतं." मी म्हटलं, "अगं, जावई कुठं गोल्फ खेळतात?" तर म्हणते, "त्यांचे बाबा खेळतात ना?"

झालं! मीच नेऊन ठेवली त्यांच्या गाडीत, अनारशांच्या डब्याशेजारी. वजन कुठंही टाका हो... मुलीच्या बापानं सामना जिंकला, तरी चेंडू पडतो व्याह्यांच्याच अंगणात.