डावीकडे ओढणारी गाडी

रिमोटच्या रेसिंग गाड्या दुरुस्त करणाऱ्या दुकानात शिंपीकाका रांगेत ताटकळत होते. त्यांच्या पुढच्या बाईचा नंबर लागला, तशी दुकानदाराने तिची गाडी समोर ठेवली.

"ताई, बॅटरी बदलली. शिवाय गाडी डावीकडे ओढत होती, स्टिअरिंग सरळ केलं. डावी स्प्रिंग मऊ होती, दोन्ही सारख्या केल्या."

"हा शहाणपणा कोणी सांगितला होता?"

"अहो, बिघाडच होता तो."

"माझ्या भावाने मुद्दाम तसं ठेवलं होतं. आजारपणात त्याचा अंगठा डावीकडे वळेना. मग गाडीच आपली आपण वळायची."

"चुकलं माझं. त्यांना घेऊन या, हवं तसं लावून देतो."

"महिना झाला त्याला जाऊन."

"...मग तुम्हीच सांगा ना. किती वळायची?"

"मला काय माहीत? तो होता तोवर मी हातच लावला नाही. आज पहिल्यांदा चालवणार होते."