हातगुण

(सावेडीतला दवाखाना, १९९७. पडद्याआड खाटेवर महेंद्र. पडद्याच्या अलीकडे, त्याच खोलीत, त्याची आई गीताबाई आणि डॉ. माधुरी.)

डॉ. माधुरी : सर्जनना फोन केलाय, गाडी येतेय. तोवर खरं सांगा. शौचातून रक्त कधीपासून?

गीताबाई : पोळ्यापासनं.

डॉ. माधुरी : त्यानंतर दोनदा येऊन गेलात, गीताबाई! दोन्ही वेळा म्हणालात, लई आराम हाय.

गीताबाई : दवाखान्यात वंगाळ बोलू न्हाई, बाई. डाक्टरचा हातगुन जातो. आमच्या सोनईकडं समदेच तसं म्हनत्यात.

डॉ. माधुरी : सगळेच?

गीताबाई : मंग! पहिल्या डाक्टरला म्हनलं, फरक न्हाई, तर त्यो खवाळला. जा म्हनला दुसरीकडं. तुमीबी हाकललं आसतं, तर लेकराला कुठं न्यायचं?

डॉ. माधुरी : अहो, आतड्याला सूज असलेल्या माझ्या सगळ्या पेशंटची माहिती मी या कॉम्प्युटरमध्ये भरते. कुणाला कोणतं औषध, किती मानवतं, ते ताडून बघते. सगळ्यांना एकच माप नको म्हणून. महेंद्रला थोड्या औषधात गुण येतोय असं दिसलं, म्हणून गोळ्या कमी केल्या.

गीताबाई : त्या टीव्हीला वळखू आलं न्हाई व्हय?

डॉ. माधुरी : आपण सांगू तेवढंच त्याला कळतं.

गीताबाई : आन् तुमाला? पोराच्या बरगड्या दिसत हुत्या.

डॉ. माधुरी : मलाही दिसत होत्या. वजन उतरलं होतं. पण तुम्ही आराम म्हणालात, आणि मला ते ऐकून बरं वाटलं. चुकलंच माझं.

गीताबाई : मंग वाढवा की गोळ्या. आत्ता देते, माज्या हातानं.

डॉ. माधुरी : गोळ्यांची वेळ गेली. पोट लाकडासारखं कडक झालंय. आतडं फुटलं असणार. आजच ऑपरेशन करून मोठं आतडं काढावं लागेल.

गीताबाई : काढल्यावर जगंल ना?

डॉ. माधुरी : खोटं सांगू?

गीताबाई : सांगा, बाई. यकदा सांगा.

डॉ. माधुरी : नाही जमणार मला. महेंद्र, ऐकतोयस ना? आता तू बोल. कुठं दुखतंय, किती दुखतंय?

गीताबाई : सांग, बाळा. आता समदं खरं सांग.

महेंद्र : आदी आईला भायेर बसवा. मंग सांगतो.