खात नाही हो, मोजतो!

...नाही, पण तुम्हीच सांगा, माणसानं खरं तरी किती वेळा बोलायचं? मी तंबाखू खात नाही हो, मोजतो! म्हणजे तंबाखू नाही, तंबाखूतलं कॅडमियम मोजतो, शिसं मोजतो, निकेल मोजतो... जमिनीतून ते पानात चढतं, इतकं थोडं की डोळ्यांना दिसायचं नाही. म्हणून आम्ही पान वाळवायचं, दळायचं, चिमूटभर तोलायचं, ॲसिडमध्ये घालून तापवायचं, पार पाणी होईस्तोवर, आणि ते पाणी यंत्राला पाजायचं. यंत्र आकडा सांगतं. संपलं! सरळ नोकरी आहे हो प्रयोगशाळेतली! पण दळताना ती भुकटी उडते ना, ती केसांत जाते, नाकात जाते, डब्याच्या पिशवीत जाते! आणि हातमोजा फाटून ॲसिड लागलं की बोटं पिवळीधमक. घासा किती घासायची ती!

आता असा माणूस संध्याकाळी घरी आला तर बायको काय करेल? वास घेईल! घेतला. बोटं बघेल! बघितली. खिसे चाचपेल... आणि निघाली पुडी! नमुन्याची हो, चुकून राहिलेली, वर नंबर घातलेली! "अगंबाई, नंबर घालून खाता?" म्हटलं, अगं, खात नाही, मोजतो! "तेच म्हणतेय मी. मोजून खाता!"

बरं, दुसऱ्या दिवशी तिनं खात्री करायला प्रयोगशाळेत फोन लावला. उचलला आमच्या शिपायानं. काय म्हणाला असेल? "साहेब ना? ते तंबाखू घेऊन आत बसलेत, दार लावून. सकाळी जरा जास्त झाली, म्हणून परत घेतायत." अरे, वजनात जास्त झाली! वजनात!

हसताय काय? घरी आलो तर ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा पण असंच म्हणायचे. मी कुठं खातो, म्हणायचे." सासऱ्यांचा अर्धा जबडा काढला होता हो, तंबाखूपायी. शेवटी बोलताच येत नव्हतं, हातानं खुणा करायचे. आता या बाईला मी कुठल्या तोंडानं कॅडमियम समजावू?

मग मेहुणा आला, मला गाडीत घातलं आणि नेलं थेट व्यसनमुक्ती केंद्रात. गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये समुपदेशक बाई. "बोला, अगदी मोकळेपणानं." म्हटलं, बाई, मी खात नाही, मोजतो. बाई गोड हसल्या. "नाकारणं ही पहिली पायरी." अहो, नाकारत नाहीये, खरंच नाही खात! "चिडचिड. दुसरी." मी गप्प बसलो. "बघा, उदासी आली!" आता बोललो तरी अडकलो, गप्प बसलो तरी अडकलो! शेजारी एक टॅक्सीवाला होता, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "सुरुवातीला आम्हीही मोजूनच खायचो, साहेब."

बायको भिंतीपाशी उभी होती. पर्स छातीशी घट्ट धरून, माझ्याकडं टक लावून... तिचे बाबा जे एकदाही म्हणाले नाहीत, तेवढं एक तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं हो. आणि मी... म्हणालो.

"खातो."

काय टाळ्या पडल्या! टॅक्सीवाला तर रडलाच! आणि ती त्या रात्री गाढ झोपली, कित्येक दिवसांनी. मी जागा! काय कबूल करून बसलो म्हणून!

आता दर रविवारी जातो. "या आठवड्यात?" "नाही घेतली." टाळ्या! सोमवारी परत दळण, परत वास, परत पिवळी बोटं, आणि पुढच्या रविवारी बाई मान हलवतात, "घसरलात." नोकरी सोडू? मग खायचं काय?

परवा तो टॅक्सीवाला सुटला. सगळ्यांना मिठ्या मारून गेला. धरली होती ना त्यानं, म्हणून सोडता आली... मी धरलीच नाही हो, मी सोडू काय आणि सुटू कसा?