तेलाचा लाल दिवा

रुपराव : चावी अर्धीच फिरवा, श्रीधरभाऊ. गाडी चालू नका करू. सांगा, लाल दिवे किती लागले?

श्रीधर : एक.

रुपराव : दोन लागाले पाह्यजे.

(मंगळवारची टळटळीत दुपार, साल १९७४. नागपुरात महालातल्या एका अंगणात जुनी काळी मोटार उभी. गिऱ्हाईक श्रीधर स्टिअरिंगवर, मिस्त्री रुपराव बाहेरून खिडकीत वाकलेला, गाडी विकायला काढलेली घरमालकीण चारुशीलाबाई दारात. श्रीधरची दिवस भरत आलेली बायको प्रेमिला ओट्यावर टेकली आहे.)

श्रीधर : दुसरा कशाचा?

रुपराव : तेलाचा. चावी दिली का दोनही लागते, इंजिन सुरू झालं का दोनही विझते. इथं तेलाचा लागूनच नाही राहिला. म्हणजे कोनं तरी बल्ब काढला. हे चाळे मले ठाऊक हायेत, भाऊ. इंजिन खलास झालं का तो दिवा विझतच नाही, मंग इकनारा बल्बच गायब करते!

श्रीधर : बाई, तुम्ही तर म्हणालात, गाडीत काही खोट नाही.

चारुशीला : नाहीच. बल्ब आमच्या ह्यांनी काढला होता.

रुपराव : काहून?

चारुशीला : तुम्ही आधी इंजिन पाहून घ्या. मग विचारा.

रुपराव : पाहून राहिलो ना. हे पाहा, तेल बरोबर खुणेपर्यंत. माह्या खिशात बल्ब हाये, बाहेरूनच हात घालून बसवतो... हं. द्या चावी.

श्रीधर : लागला! दोन्ही लागले!

रुपराव : आता करा चालू.

श्रीधर : विझले. दोन्ही.

रुपराव : अन् आवाज आयका. काय झकास इंजिन हाये, बाप्पा! डोळे झाकून घ्या.

श्रीधर : सुटलो. उद्याच प्रेमिलाला खाप्याला तिच्या माहेरी पोचवायचंय. पहिलं बाळंतपण, डॉक्टरीणबाई म्हणतात, एसटीचे धक्के नकोत.

रुपराव : मंग वयनीले बसवा मांगं. एक चक्कर मारून आणतो, म्हणजे तिलेही समजन. पण लवकर. सोमवारी माह्या पोट्टीचं लगन हाये, मांडववाला वाट पाहून राहिला असन.

चारुशीला : थांबा हो! तिला नका बसवू.

श्रीधर : का?

चारुशीला : सांगणार नव्हते. ही गाडी एकदाची दारातून जावी एवढंच मागत होते. पण पोरीचं पोट पाहिलं आणि जीभ आवरेना.

रुपराव : बोला ना, बाई.

चारुशीला : सहा वर्षांमागं सासूबाई मागं बसल्या आणि तेलाचा दिवा लागला. तेल भरलेलं होतं. आठव्या दिवशी त्या गेल्या. मग धाकटे भावजी बसले, दिवा लागला. तेही आठव्याच दिवशी. ह्यांनी संतापून बल्ब उपटून टाकला. गेल्या चैत्रात एकटेच गाडी घेऊन गेले आणि घरी आले ते पांढरेफटक. म्हणाले, ‘चारू, आज दिवा लागला.’ मी म्हटलं, अहो, तिथं बल्ब तरी आहे का!

श्रीधर : मग?

चारुशीला : मग काय. आठव्या दिवशी कुंकू पुसलं मी.

रुपराव : काचेवर ऊन चमकलं असन, बाई. पस्तीस वर्षं इंजिनात हात घालून राहिलो, भूत नाही सापडलं एकही. सरका, भाऊ, तिकडच्या सीटवर व्हा. वयनी तर बसल्याही मांगं. घ्या, मीही बसलो.

श्रीधर : रुपराव...

रुपराव : दिसून राहिला मले.

श्रीधर : लागला! अहो, आत्ता तर विझला होता! प्रेमिला, उतर! आधी उतर खाली!

रुपराव : वयनी, हलू नका. भाऊ, घाबरून खराबी सापडत नाही. आमची रीत हाये, एकेक वस्तू काढाची अन् पाहाचं. पयले तुमी उतरा.

श्रीधर : उतरलो. विझला?

रुपराव : नाही.

श्रीधर : देवा रे! म्हणजे ती...

रुपराव : वयनी, आता तुमी. सावकाश, दाराले धरून.

श्रीधर : उतरली. सांगा ना, रुपराव, पाया पडतो तुमच्या!

रुपराव : जळूनच राहिला.

श्रीधर : म्हणजे ही नाही? प्रेमिला, तू नाहीस गं! तू नाहीस!

रुपराव : हौ. वयनी नाही. आता मी उतरतो. खिडकीतून पाहा, भाऊ.

श्रीधर : ...विझला.

रुपराव : एकदा पाहून खात्री होत नाही. परत बसतो. सांगा.

श्रीधर : रुपराव, उतरा हो. नका बसू.

रुपराव : लागला ना?

चारुशीला : लागला. मलाही दिसतोय इथून. मी आधीच बोलायला हवं होतं, दादा. माझंच चुकलं.

रुपराव : चुकाचं काय त्यात. गाडीत खराबी नाही. भाऊ, घ्या बिनघोर. कन्हानच्या काठानं रस्ता खराब हाये, तिथं वयनीले दचके नका बसू देऊ. बाई, आठवा दिवस कसा मोजता? आज धरून?

चारुशीला : नाही. उद्यापासून.

रुपराव : म्हणजे पुढचा बुधवार. सोमवारी लगन, मंगळवारी पोट्टी सासरी जाते. चला, तिची पाठवणी माह्या हातानं होऊन जाईन.